हौद्याची माती बदलली : तालमीतल्या कामाच्या नोंदी

काम : कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या तालमीतला हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरून माती बदलणे. हौदा २० फूट बाय २० फूट, खोली अडीच फूट. तालमीत राहणारी पोरं २२, वय १४ ते २१. काम चालू असताना मेहनत, म्हणजे पोरांचा रोजचा व्यायाम, बंद पडू द्यायची नाही, अशी वस्तादांची अट.

२५ ऑक्टोबर

भाऊबीज झाली. बहुतेक पोरं अजून गावी आहेत, तालीम मोकळी आहे. हौद्याचं काम काढायला वर्षात हाच काळ बरा. नागपंचमीला हौद्याची पूजा होते, पण तेव्हा पाऊस असतो आणि ओली माती चाळता येत नाही. जत्रांची मैदानं सुरू झाली की पोरांना सरावातून उसंत मिळत नाही. दिवाळी ते दत्तजयंती हे पाच-सहा आठवडे हातात आहेत.

आधी तपासणी केली. १२ मिलिमीटरची सळई घेऊन तिचं टोक घासून बोथट केलं आणि एका माणसाने दोन्ही हातांनी जोर लावून ती कुठवर जाते ते पाहिलं. कोपऱ्यांत ११ इंच गेली, कडेने ८ ते ९ आणि मधोमध फक्त ५. पटकी बसते, म्हणजे गडी आपटतो, तो मधोमधच, म्हणजे जिथे माती सर्वांत मऊ हवी तिथेच ती दगड झाली आहे. कारण उघड आहे. रोजचं उकरणं घाईत होतं, खोरं वरवर चालतं, आणि पाच इंचांखालचा थर वर्षभर पायांखाली दाबला जातो. वरून भुसभुशीत दिसणारा हौदा फसवा असतो, पाय टाकून तो कळत नाही.

पश्चिमेच्या भिंतीकडची माती काळपट झाली आहे आणि तिला कुबट वास येतो. पावसाळ्यात तिथून पाणी पाझरलेलं दिसतं.

ठरलं ते असं : वरची दीड फूट माती काढायची. २० × २० × दीड म्हणजे ६०० घनफूट, सहा ब्रास. त्यातली निम्मी चाळून परत घालायची, निम्मी नवी आणायची. सगळीच नवी घालू नये. जुन्या मातीत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं, ते एका महिन्यात नव्या मातीत येत नाही.

२७ व २८ ऑक्टोबर

माती काढली. आठ जण, दोन दिवस. टिकाव फक्त मधल्या भागात लागला, बाकी खोऱ्याने निघाली. वरचे सहा इंच वेगळ्या ढिगात ठेवले, ती चांगली आहे. खालची ढेकळांची माती दुसऱ्या ढिगात. भिंतीकडची काळी माती, साधारण अर्धा ब्रास, थेट बांधावर टाकली.

बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून दोन्ही ढिगांवरून फिरवलं. सात सेफ्टी पिना, दोन बारीक खिळे, ब्लेडचा एक तुकडा आणि लंगोटाच्या नाडीला लावलेली एक कडी निघाली. काच चुंबकाला लागत नाही, ती चाळणीतच सापडणार. गंडे, ताईत, कडी, अंगठ्या दाराच्या खुंटीवर काढून ठेवायच्या हा नियम जुना आहे, पिनेकडे मात्र कुणी लक्ष देत नव्हतं. आता पिनेने नाडी अडकवलेली दिसली तर हौद्यात उतरू द्यायचं नाही.

३० ऑक्टोबर

पाझर बंद केला. भिंतीला आतून कितीही गिलावा केला तरी पाणी बाहेरच्या बाजूने येत राहतं. बाहेरची गटार मातीने भरून आली होती. ती उपसून भिंतीपासून उतार दिला, मग आतून वॉटरप्रूफ गिलावा केला.

तळाची एक फूट जुनी माती तशीच ठेवून धुम्मसाने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोकून घेतली. तळाला काँक्रीट टाकावं अशी सूचना दरवेळी कुणीतरी करतं. टाकू नये. वरून मारलेलं पाणी खाली जिरलं पाहिजे, नाहीतर तळाशी चिखल साचतो. आणि उकरता उकरता माती पातळ झाली तर पोरगं थेट काँक्रीटवर आपटतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

नव्या मातीचे दोन नमुने आणले, दोन्ही पन्हाळ्याच्या बाजूचे. रंग दोन्हींचा तांबडा, हाताला फरक कळेना. काचेच्या दोन बरण्यांत तिसरा हिस्सा माती आणि वर पाणी घालून हलवून ठेवल्या. वाळू मिनिट-दोन मिनिटांत तळाला बसते, गाळ तास-दोन तासांत, चिकण भाग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यात तरंगत राहतो. पहिल्या बरणीत चिकण थर जवळजवळ निम्मा निघाला. अशी माती भिजली की पायाला चिकटते, वाळली की विटेसारखी होते. दुसऱ्या नमुन्यात तो थर चौथाईच्या आसपास होता. दुसरी माती घेतली.

माती फार चिकण असली तर नदीची वाळू मिसळतात, ते चुकीचं आहे. वाळूचा कण खरखरीत असतो. कोपर, गुडघे आणि कपाळ सोलून निघतं.

चार ट्रॉल्या मागवल्या, ट्रॉलीला एक ब्रास. लागणार तीन ब्रास, पण डोंगराकडच्या मातीत जांभ्याची खडी असते आणि चाळताना पाचवा हिस्सा तरी जातो.

२ ते ६ नोव्हेंबर

पोरं परत आली. माती अंगणात ताडपत्रीवर चार इंचांच्या थरात पसरली. सकाळी नऊला आणि दुपारी दोनला खोऱ्याने उलथायची, संध्याकाळी दव पडायच्या आत ढीग करून झाकायची. चार दिवस कडक ऊन मिळालं. पूर्ण वाळल्याशिवाय चाळायला घेऊ नये. ओलसर मातीचे गोळे चाळणीवर नाचतात, लोक ते खडे समजून फेकून देतात आणि चांगली माती वाया जाते.

चाळणी दोन वापरल्या. आधी वाळू चाळायची पाव इंची उभी जाळी, मग तीन मिलिमीटरची बारीक. पाव इंचीवर थांबलं तर काम एका दिवसात उरकतं, पण तीन ते सहा मिलिमीटरचे जे खडे उरतात तेच पाठीत रुततात. वरच्या जाळीवर राहिलेली जुनी ढेकळं धुम्मसाने फोडून पुन्हा चाळली. काचेचे चार तुकडे निघाले.

चाळून जुनी माती पावणेतीन ब्रास, नवी तीन ब्रासला थोडी कमी. पंचवीस-तीस घनफुटांची तूट आहे, पण नवी माती आणखी बसणार असल्याने तेव्हाच भरून काढायची ठरली.

७ नोव्हेंबर

हौदा बंद असल्याने सराव कसा चालू आहे त्याची नोंद.

पहाटे साडेचारला उठणं तेच. सकाळच्या लढती शेजारच्या गावातल्या गादीवर (मॅटवर) हलवल्या, आठवड्यातून चार दिवस. उरलेल्या दोन दिवशी माळावर धावणं आणि दोर चढणं. रविवारी सुट्टी. संध्याकाळची मेहनत तालमीतच. नव्या पोरांना शंभर जोर, दोनशे बैठका. तीन वर्षं झालेल्यांना पाचशे जोर, हजार बैठका. आकडा वाढवण्याआधी जोर बघावा. कंबर वर, मग छाती जमिनीजवळून पुढे सरकत वर, आणि कोपरं अंगालगत. पन्नासाव्या जोरानंतर कोपरं बाहेर फाकायला लागली तर तिथेच थांबवायचं. फाकलेल्या कोपरांचे पुढचे पन्नास जोर खांद्याला दुखणं लावतात. बैठकीत टाच उचलली जाते, पण गुडघा आत वळत असेल तर आकडा निम्म्यावर आणायचा.

गादीवर चार दिवसांतच फरक दिसतो. मातीतली पोरं उभी राहून मानेवर हात टाकतात आणि खडाखडीत, म्हणजे उभ्याने एकमेकांची ताकद अजमावण्यात, वेळ घेतात. गादीवर मोठ्यांच्या गटात तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, मध्ये ३० सेकंद विश्रांती. पवित्रा खाली घेतला नाही तर पाहता पाहता पट निघतो, म्हणजे पाय धरून गडी खाली घेतला जातो. मातीत चितपट होईपर्यंत दम धरता येतो, गादीवर दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती संपते. मातीत जांघिया धरून ओढायची सवय लागलेली असते, गादीवर पोशाख धरला की पंच थांबवतात. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादी त्यांनाही नवखी होती, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं. महाराष्ट्र केसरीला तर माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात आणि किताबाची कुस्ती दोन्हींकडच्या विजेत्यांत होते. त्यामुळे हौदा बंद असणं म्हणजे नुकसानच, असं नाही.

गुडघे मात्र सोलले. गादीच्या रेक्झिनवर घामेजला गुडघा घासला की भाजल्यासारखी जखम होते. साबणाच्या पाण्याने धुऊन उघडी सुकू द्यायची, आणि पुन्हा गादीवर जाताना पट्टी बांधायची.

८ नोव्हेंबर, शनिवार

माती भरली. मारुतीला नारळ फोडून सकाळी सातला सुरुवात केली, अंधार पडेपर्यंत चाललं. पावणेसहा ब्रासला घातलेली सामग्री अशी :

ताक १२० लिटर
लिंबं ८०० (रस साधारण २० लिटर)
हळद २० किलो
काव (गेरू) ६० किलो
गोडंतेल ३० लिटर
कापूर १ किलो
कडुलिंबाचा वाळवून कुटलेला पाला १० किलो

प्रत्येक तालमीचं प्रमाण वेगळं असतं, आणि आपलंच खरं असं प्रत्येक वस्ताद सांगतो. प्रमाणापेक्षा घालण्याची रीत महत्त्वाची, बिघाड तिथे होतो.

ताक बिनमिठाचं हवं. डेअरीत नुसतं ताक मागितलं तर मीठ घातलेलं देतात. मीठ हवेतला ओलावा ओढतं, हौदा चिकट राहतो आणि खरचटलेल्या अंगाला आग होते. कॅन उघडून चाखूनच घ्यावं.

लिंबं पिळून रस गाळून घालायचा. अख्खी किंवा अर्धी कापून टाकलेली लिंबं पंधरा दिवसांत सडतात आणि पायाखाली बुळबुळीत गोळे येतात. ८०० लिंबं पिळायला सहा पोरांना अडीच तास लागले. ज्यांची बोटं सोललेली होती त्यांना या कामाला लावायला नको होतं.

हळद गिरणीतून दळून आणलेली. काव घेताना चिमूटभर ओली करून पांढऱ्या फडक्यावर चोळून धुऊन पाहिली. खरी काव पाण्याने निघून जाते, रंग मिसळलेली असेल तर फडक्यावर गुलाबी डाग राहतो. असा डाग मग सगळ्यांच्या लंगोटांवर आणि कानांमागे महिनाभर दिसतो. पहिल्या दुकानातली परत केली.

तेल सगळ्यांत जपून. हौद्यावर डबा ओतला तर जिथे पडेल तिथे गोळा होतो आणि तो गोळा काही केल्या फुटत नाही. घमेलंभर कोरडी माती घ्यायची, त्यात अर्धा लिटर तेल घालून तळहातांनी भाकरीच्या पिठासारखं चोळायचं, आणि ती तेलमाती हौद्यावर पेरायची. अशी साठ घमेली झाली. तूप आणि दूध घातलं नाही. मानाचं म्हणून वाटीभर घालतात ते ठीक, जास्त घातलं की मुंग्या लागतात.

भरताना थर केले : चार इंच जुनी-नवी मिसळलेली माती, वर हळद-काव-पाला, मग तेलमाती, मग ताक-लिंबाचा शिडकावा, पुन्हा माती. कापूर कुटून सगळ्यांत वरच्या थरात. तो चार-पाच दिवसांत उडून जातो, वासापुरताच असतो.

९ ते १५ नोव्हेंबर

रोज सकाळ-संध्याकाळ उलथणं. कुस्ती नाही. ताकाने मातीला आंबूस वास आला, दोन दिवस तीव्र होता, मग कमी झाला. ११ तारखेला ईशान्येच्या कोपऱ्यात पांढरी बुरशी दिसली. तिथे उलथणारी पोरं खोरं कोपऱ्यात घालत नव्हती आणि माती ढिगासारखी साचली होती. तेवढी माती काढून दोन दिवस उन्हात टाकली आणि परत घातली. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवायला सुरुवात केली.

उकरायची रीत ठरवून दिली, आता हीच कायम. चौघे एका भिंतीला पाठ लावून एका ओळीत उभे राहतात आणि मागे मागे सरकत उकरतात. खोरं डोक्यावरून येतं, नऊ इंच आत जातं, आणि माती पायांकडे ओढली जाते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या भिंतीपासून, म्हणजे आडवं. एकाच दिशेने रोज उकरलं की खालच्या थरात सऱ्या पडतात. पूर्ण हौद्याला २० ते २५ मिनिटं लागतात. मग फळी : एक जण फळीवर उभा, दोघे दोराने ओढणार. वरची माती सपाट होते. फळीवर वजनदार गडी उभा करू नये, माती दाबली जाते. चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं पुरे.

नवी पोरं उकरण्याला पाणक्याचं काम समजतात. पाठ, खांदे, पंजा आणि दम यांना एकाच वेळी इतका ताण देणारं दुसरं साधन तालमीत नाही. आणि ज्याने माती उकरली त्याला ती कुठे कठीण आहे हे लढताना ठाऊक असतं.

१३ नोव्हेंबर

खुराकाची नोंद. सुट्टीहून आलेल्यांपैकी तिघांची पोटं बिघडली. दिवाळीचा फराळ आणि वर पहिल्याच दिवसापासून पूर्ण खुराक, एवढंच कारण. तिघांनाही चार दिवस भात, ताक आणि भाकरी.

थंडाईचं माप मोठ्यांना : बदाम ५०, रात्री भिजत घातलेले, सकाळी सोललेले. खसखस दोन चमचे, बडीशेप एक चमचा, मगजबी एक चमचा, काळी मिरी आठ-दहा दाणे, वेलची दोन. कुंडीत दांड्याने अर्धा तास तरी घोटायचं. बोटांत धरून पाहिलं तर कण लागता कामा नये. कण राहिला की अर्धा बदाम फडक्यातच राहतो. मग दूध आणि खडीसाखर घालून गाळायचं. चौदा-पंधराच्या पोरांना वीस बदाम खूप झाले. त्यांना दूध, भाकरी, डाळ, अंडी भरपूर द्यावीत. खुराक मेहनतीच्या मागोमाग वाढतो. मेहनत न वाढवता तूप वाढवलं तर पोट सुटतं, आणि वजनी गटात उतरायची वेळ आली की तेच घटवत बसावं लागतं.

मिक्सरचा प्रयोग मागे झाला होता. वेळ वाचला, पण भांडं तापून बदामाला तेल सुटलं आणि थंडाई जड झाली. शिवाय घोटण्याने मनगटाला होणारी मेहनत गेली.

१६ नोव्हेंबर

चूक झाली. माती फार कोरडी आणि उडती वाटली म्हणून संध्याकाळी पाइप लावून हजारभर लिटर पाणी मारलं. गणिताने चूक नव्हती, इतक्या मातीला तेवढं पाणी लागतं. पण ते एकदम मारायचं नसतं. वरचे तीन इंच चिखल झाले, खालची माती कोरडी राहिली. सकाळी खोऱ्याला लोंदे लागले आणि वाळल्यावर मुठीएवढी ढेकळं झाली. दोन दिवस गेले : एक दिवस नुसतं वाळू दिलं, दुसऱ्या दिवशी ढेकळं हाताने आणि धुम्मसाने फोडली.

आता पाणी झारीने, रोज संध्याकाळी ६० ते ७० लिटर. रात्रभर मुरतं, पहाटे उकरलं की खालीवर होतं. ओलावा योग्य आहे का ते पाहायची खूण : मूठभर माती घट्ट दाबून सोडायची, लाडू टिकला पाहिजे. तोच लाडू कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटला पाहिजे. टिकलाच नाही तर पाणी कमी, पडूनही फुटला नाही तर जास्त. पावसाळ्यात पाणी मारायचंच नाही, उलट उकरून उघडं ठेवायचं.

२० नोव्हेंबर

ओलावा जमला तरी धूळ उठते आहे. नाकात तांबडी माती, सकाळी खोकला. नव्या मातीला तेल कमी पडलं. आणखी सहा लिटर, त्याच घमेल्याच्या रीतीने. एकदम पंधरा लिटरचा डबा रिकामा करायचा मोह आवरला ते बरं. तेल जास्त झालं तर धूळ बसते पण पकड जाते. घाम आला की मूठभर माती गड्याच्या मानेला, पाठीला लावून पकड घेतात, ती मातीच तेलकट असेल तर हात निसटतो. कमी तेल वाढवता येतं. जास्त झालेलं कमी करायला नवी माती आणावी लागते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हौद्याची पूजा झाली. सळई मधोमध १४ इंच, कडेने १५. पहाटे पाचला पहिली सलामी.

पहिला आठवडा उचलून टाकायचे डाव बंद : ढाक, कलाजंग, निकाल, धोबीपछाड काहीच नाही. माती वर मऊ असली तरी अजून एकसारखी बसलेली नाही. एक पाय सहा इंच रुततो, दुसरा दोन इंच, आणि अंगावर गडी असताना रुतलेला पाय वळला तर गुडघा जातो. फक्त खडाखडी, एकेरी पट, कब्जा घेऊन खाली घिस्सा आणि मोळीचा सराव. जोडी वजनात पाच किलोच्या आतली. प्रत्येकाला तीन लढती, पाच-पाच मिनिटांच्या.

लढती झाल्यावर अंगावरची माती तशीच सुकू द्यायची, हाताने खरवडून हौद्यातच टाकायची. रोज प्रत्येकाच्या अंगावर थोडी माती बाहेर जाते, वर्षाला ती किती होते हे हौद्याची पातळी सांगते. घाम पूर्ण निवाल्यावर आंघोळ.

२५ नोव्हेंबर

दोन पोरांच्या मांडीवर आणि एकाच्या मानेवर गोल, कडेने लाल चट्टे. नायटा. तिघेही हौद्याबाहेर.

याबाबतीत मातीचे गोडवे गाऊन भागत नाही. हळद, लिंबू, कडुलिंब घातलं म्हणून नायटा होत नाही, असं नाही. तो अंगाला अंग लागून पसरतो, आणि सगळ्यांत जास्त एकमेकांचे लंगोट आणि टॉवेल वापरल्याने. त्यातल्या एकाने मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब आठ दिवस लावली होती. तिच्यात स्टेरॉइड होतं. अशा मलमाने खाज थांबते, चट्टा फिका पडतो आणि आतून पसरत राहतो. डॉक्टरांकडे पाठवलं. औषध त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत, चट्टा दिसेनासा झाला तरी. ते हो म्हणेपर्यंत लढत नाही, पण लांब उभं राहून जोर-बैठका चालतील.

दारावर पाटी लावली : उतरण्याआधी मान, काख, जांघ दाखवणे. नखं कापलेली. लंगोट दोन, रोज धुऊन उन्हात. सावलीत दोरीवर वाळवलेला चालणार नाही.

धनुर्वाताच्या लशीच्या नोंदीही तपासल्या. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ती सरकारी दवाखान्यात मिळते. पाच पोरांनी घेतलीच नव्हती किंवा आठवत नव्हतं. त्यांना घेऊन जायचं आहे. खरचटणं रोजचं आहे आणि मातीतला धनुर्वाताचा जंतू ताक-हळदीने मरत नाही.

२९ नोव्हेंबर

अपेक्षेप्रमाणे माती बसली. भिंतीवरच्या खुणेपासून तीन इंच खाली. ४०० चौरस फुटांवर तीन इंच म्हणजे बरोबर एक ब्रास. पहिल्याच वेळी पाच ट्रॉल्या मागवल्या असत्या तर आज पुन्हा वाळवणं-चाळणं करावं लागलं नसतं. सव्वा ब्रास आणली, चाळून एक ब्रास. तिला सामग्री त्याच हिशेबाने, सहावा हिस्सा : ताक २० लिटर, लिंबं १३०, हळद साडेतीन किलो, काव १० किलो, तेल ६ लिटर. ही माती वर पसरून न ठेवता लगेच दोनदा आडवं-उभं उकरून खालपर्यंत मिसळली.

३ डिसेंबर

उचलीचे डाव सुरू. क्रम : आधी ढाक, कारण त्यात टाकणारा स्वतःही सोबत पडतो आणि पडणं हळू करता येतं. मग निकाल आणि लपेट. कलाजंग सर्वांत शेवटी, कारण त्यात गडी खांद्यावर आडवा जातो आणि पडताना त्याचा हात खाली अडकतो. पडणाऱ्याला शिकवायचं ते एकच : हात टेकून पडणं थांबवायचं नाही. पंजा टेकला की कोपर निखळतं. हनुवटी छातीला, आणि पाठीचा जास्तीत जास्त भाग एकदम मातीला.

एकाचा कान सुजला, पाळीत रक्त साचलं. बर्फ लावून त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेला. रक्त काढून घट्ट पट्टी बांधली. आठवडाभर लढत नाही. तसंच सोडलं की ते आत घट्ट होऊन कान कायमचा गोळा होतो. फुटलेला कान ही पैलवानाची ओळख म्हणून मिरवणारे आहेत. त्यांना एकदा त्या कानावर हेल्मेट घालून दाखवायला सांगावं.

६ डिसेंबर, शनिवार

शेवटची मोजणी. सळई : मध्ये १३ इंच, कडेने १३ ते १४, चारही कोपरे १३. पातळी खुणेपासून पाऊण इंच खाली. लाडूची परीक्षा बरोबर. वास ताकाचा गेला, हळद-मातीचा राहिला. नायट्याच्या तिघांपैकी दोघांना डॉक्टरांनी परवानगी दिली, तिसरा अजून बाहेर. लशी पाचही जणांच्या झाल्या.

उकरण्याच्या पाळ्या फळ्यावर लिहिल्या, चौघांचा गट, आठवड्याला बदल. दर शनिवारी सळई पाच ठिकाणी घालून आकडे त्याच फळ्यावर. मधला आकडा १० च्या खाली आला तर त्या आठवड्याच्या गटाने मधला आठ फूट चौरस भाग टिकावाने सव्वा फूट खणायचा. तेल आणि ताकाची पुढची मात्रा होळीनंतर, निम्म्या मापाने. उरलेली पाव ट्रॉली माती ताडपत्रीखाली मागच्या पडवीत ठेवली आहे, तिच्यावर सरपण रचू नये.